कोकणात कामाला आलेल्या मोठ्या माणसांसाठी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीकडचा. उभी नोकरी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून केली, म्हणजे साध्या भाषेत वर्कशॉपचा मास्तर. निवृत्तीनंतर ओटीवर बसून शेजारपाजारच्यांचे फॉर्म भरून द्यायला लागलो आणि त्यातून हे पान झालं. विचारायला येतात ते बहुतेक बाहेरून आलेले: बोटीवरचे खलाशी, बागेतले गुरखे, चिरेखाणीवरचे कानडी मजूर, उत्तर प्रदेश-बिहारचे फरशीवाले आणि सुतार, काजूच्या कारखान्यातल्या बायका. कधी त्यांचे मालक येतात. आणि बरेचदा येतात त्यांची पोरं, जी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकलीत आणि आईबापाला कागद वाचून दाखवतात. बाळांनो, हे पान तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवता यावं अशा बेताने लिहिलंय.

कोर्स कुठला करू?

रोज पहिला प्रश्न हाच, आणि रोज माझं उत्तर उलट प्रश्नाचं: ते काम आल्यावर तुम्हाला पैसे देणारा माणूस कोण, त्याचं नाव सांगता येईल का?

नाव सांगता येत नसेल तर फॉर्म भरायची घाई नको. आधी आठवडाभर चौकशी करा. आपल्या भागात कोणाला माणूस मिळत नाही, ते बाजारात फिरलं की कळतं. किनाऱ्यावर घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे वाढले, प्रत्येक खोलीत एसी आला, आणि खाऱ्या हवेने त्या एसीची बाहेरची युनिटं गंजतात. गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत कोणत्याही मालकाला विचारा, मे महिन्यात एसीवाला मिळतो का. नळकाम करणारा, पंप आणि मोटार भरणारा, सोलर हीटर दुरुस्त करणारा, छताला पत्र्याची शेड ठोकणारा, यांचीही तीच गत. उलट मोबाइल दुरुस्तीचे कोर्स भरपूर निघतात आणि दुकानं प्रत्येक नाक्यावर चार आहेत. शिवणकामाचंही तसंच, शंभर बायका शिकतात, आणि पुढे गिऱ्हाईक मिळतं ते ज्यांना ब्लाउज नीट बेततात त्यांनाच.

कोर्सची यादी केंद्रात काय यंत्र आहे आणि कशाला मंजुरी मिळाली त्यावर ठरते. तुमच्या गावात काय खपतं हे ती यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं, ते तुम्हीच शोधायचं. एसीवाल्याकडे जाऊन सरळ विचारा, "महिन्याभराचा कोर्स केला तर मला हाताखाली घ्याल का?" तो हो म्हणाला की मग फॉर्म.

आणि कधी करू?

कोकणात ही गोष्ट कोर्सइतकीच मोठी आहे. बोटीवर असाल तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी, म्हणजे ६१ दिवस होडी किनाऱ्यावर. बागेत असाल तर आंबा संपला की मे अखेरीपासून हात रिकामे. चिरेखाणी आणि बांधकामं पावसात थंडावतात. थोडक्यात, शिकायचे महिने जून ते ऑगस्ट.

अडचण अशी की नेमके तेव्हाच सगळे गावी जातात. आंध्रातले, ओडिशातले, नेपाळचे, सगळे. आणि सरकारी तुकड्या सुरू होतात त्या निधी आला की, कधी जानेवारीत, ऐन मोहराच्या फवारणीत. म्हणून मी सांगतो, दोन महिने गावी जात असाल तर यंदा एकच महिना जा आणि एक महिना इथे शिका. किंवा सरळ आपल्या गावच्या जिल्ह्यात शिका. स्वरोजगार प्रशिक्षण संस्था (तिच्याबद्दल खाली लिहिलंय) देशात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, आणि तिथे तुमचा पत्ताही अडत नाही. तिथलं प्रमाणपत्र इथे चालतं. हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मला काम येतं. पंधरा वर्षं फरशी बसवतोय. मग शिकू काय?

शिकू नका. कागद घ्या.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. तिचा एक भाग आहे पूर्वकौशल्याची मान्यता, केंद्रवाले त्याला आरपीएल म्हणतात. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घ्यायची आणि पास झालात की प्रमाणपत्र द्यायचं, एवढीच ती गोष्ट. परीक्षेआधी थोडे तास शिकवतात: सुरक्षेचे नियम, मोजमाप, कामाची नावं. परीक्षक हातचं काम बघतो आणि तोंडी विचारतो. योजनेच्या चौथ्या टप्प्यात नव्याने शिकणाऱ्यांसाठी वय १५ ते ४५ आणि या मान्यतेसाठी १८ ते ५९ ठेवलंय, म्हणजे पन्नाशीतल्या गवंड्यालाही दार उघडं आहे. टप्पा बदलला की अटीही बदलतात, तेव्हा अर्ज करताना एकदा ताज्या अटी बघून घ्या.

फायदा कुठे होतो? लोटे, महाड, रोह्याच्या एमआयडीसीत ठेकेदार गेटपाससाठी कागद मागतो, तिथे. आखाताच्या नोकरीसाठी, तिथे. गावात घर बांधणारा माणूस मात्र प्रमाणपत्र बघत नाही, तो शेजाऱ्याच्या घरची फरशी बघतो. तेव्हा गावातच काम करायचं असेल तर या कागदामागे मजुरी बुडवू नका.

एक गंमत सांगतो. परीक्षेत चांगले कारागीर नापास होतात ते हाताने नव्हे, तोंडाने. चार पिढ्यांचा सुतार, पण "या सांध्याचं नाव काय" विचारलं की गप्प. आदल्या दिवशी कोणाकडून तरी हत्यारांची आणि सांध्यांची पुस्तकी नावं वाचून घ्या.

विश्वकर्मा योजनेत आम्ही बसतो का?

सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, चांभार, कुंभार, सोनार, टोपल्या-झाडू करणारे, होडी बांधणारे, मासेमारीचं जाळं विणणारे असे १८ व्यवसाय यादीत आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला ही योजना सुरू झाली. वय १८ पुरं हवं, वरची मर्यादा नाही. एका घरातून एकच माणूस, आणि घर म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं.

आधी ५ ते ७ दिवसांचं पायाभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन. म्हणजे मजुरी पूर्ण नाही तरी निम्मीअर्धी सुटते. बाकीच्या बहुतेक योजनांत तेवढंही नाही. मग हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पुढे हवं असल्यास ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख कर्ज.

नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात, अंगठा लावून होते. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर नगरपरिषदेत. बाहेरून आलेल्याचं घोडं अडतं ते इथेच. सरपंचाने ओळखायला हवं की हा खरंच सुतार आहे. म्हणून ऑनलाइन अर्ज करण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन तोंड दाखवा, कुठे काम केलंत ते सांगा, ज्यांच्या घरच्या खिडक्या केल्यात त्यांपैकी एकाला सोबत न्या.

स्वरोजगार प्रशिक्षण संस्था म्हणजे काय? तिथे खरंच जेवण मिळतं?

मिळतं. राहणं, जेवण आणि शिकवणं, तिन्ही फुकट. या संस्थांचा मूळ नमुना १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे गावी सुरू झाला आणि पुढे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने अशी संस्था चालवायची असं देशभर ठरलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया, म्हणून आपल्याकडे नाव ऐकाल ते स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था. बँकेच्या कोणत्याही शाखेत विचारा, पत्ता देतील.

तुकड्या साधारण १० ते ४५ दिवसांच्या. घरगुती वायरिंग, फ्रिज-एसी दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, सीसीटीव्ही बसवणं, शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवण, ब्युटी पार्लर, खाद्यपदार्थ. मला ही संस्था आवडते ती एका कारणाने: तुकडी संपली की ते तुम्हाला विसरत नाहीत, पुढची दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो आणि कर्जाचा अर्ज बँकेपर्यंत नेऊन देतात. कर्ज मिळेलच असं नाही. बँक मॅनेजर बाहेरच्या पत्त्याला बिचकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नावातच स्वरोजगार आहे, तेव्हा मुलाखतीत "नोकरी हवी" म्हणू नका. "स्वतःचं काम सुरू करायचंय" म्हणा, आणि खरोखर तसं मनात असेल तरच जा.

आधार कार्डावर पत्ता गावचा आहे. चालेल?

केंद्र सरकारच्या योजनांत आधार देशातल्या कुठल्याही पत्त्याचं असलं तरी नोंद होते. पण जिल्ह्याची संस्था, राज्याच्या योजना आणि कर्ज, इथे स्थानिक पत्ता विचारतात. चार-पाच वर्षं इथे राहत असाल तर पत्ता बदलून टाका. पत्ता कितीही वेळा बदलता येतो. मर्यादा आहे ती नाव आणि जन्मतारखेला.

भाडेकरार असेल तर सोपं. नसेल, आणि बहुतेकांचा नसतोच, तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ठरलेल्या छापील नमुन्यावर सरपंचाचा फोटोसह दाखला घ्या. ग्रामपंचायतीच्या आपल्या लेटरहेडवर लिहिलेला दाखला परत येतो, ही चूक दहांतले आठ जण करतात. बोटीवरच राहणाऱ्या खलाशाला पत्ताच नसतो. त्याने गावचा पत्ता राहू द्यावा आणि इथे फक्त केंद्राच्या योजना बघाव्यात.

गावचं रेशन बंद होईल म्हणून लोक घाबरतात. पत्ता बदलल्याने रेशनकार्ड रद्द होत नाही, आणि एक देश एक रेशनकार्डमुळे तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं.

महाराष्ट्राचा अधिवास दाखला ही गोष्ट वेगळी. त्याला राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसारख्या राज्याच्या योजना अधिवास मागतात. तुमच्या इथेच वाढलेल्या पोरांना मात्र तो मिळू शकतो, शाळेचे दाखले जपून ठेवा.

मी नेपाळचा आहे. मला यातलं काय मिळेल?

थोडं मिळेल. उगाच आशा लावत नाही.

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तुम्हाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. म्हणजे देवगड-रत्नागिरीच्या बागेत राखण करणं किंवा बोटीवर जाणं हे चोरून केलेलं काम नाही, कोणी तसं बोललं तर दबू नका. आधारही निघू शकतं: मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या नेपाळी नागरिकाला नागरिकता प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. नोव्हेंबर ते मे बागेत राहिलात तर २१२ दिवस होतात, तेव्हा मे महिन्यात गावी निघण्याआधी अर्ज करा.  कोणत्या तारखेला आलात याचा पुरावा मालकाकडून लिहून घ्या.

पण आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे. कौशल्य विकास योजना आणि ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) भारतीय नागरिकांसाठी आहेत, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. कोणी एजंट "भारतीय म्हणून दाखवतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात अडकाल तुम्ही, तो नाही.

मग उरतं काय? बागेतलं कसब, जे विद्यापीठाच्या शिबिरात मालकासोबत जाऊन शिकता येतं (खाली लिहिलंय), आणि दुकानात-गॅरेजात हाताखाली राहून शिकणं. नेपाळ आणि भूतान सोडून दुसऱ्या देशातून आलेल्याला इथे काम करायला रीतसर व्हिसा लागतो, त्यांच्यासाठी या पानावर काही नाही.

बागेत राखण करतो. याच कामात पगार वाढेल असं काय शिकता येईल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर खिशाला लगेच कळतं.

पहिलं, कलम बांधणं. आंब्याचं कोय कलम आणि काजूचं मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या लाकडावरचं, कलम. आंब्याच्या कोयी पावसाच्या तोंडावर रुजत घालतात आणि जुलै-ऑगस्टात कोवळ्या रोपावर कलम बांधतात, म्हणजे नेमके तुमचे रिकामे महिने. रोपवाटिकावाले कलमामागे पैसे देतात. दिवसाचा हजेरीचा दर वेगळा आणि हाताला वेग आला की मिळणारा वेगळा. शिकायला दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२), वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि ठिकठिकाणची कृषी विज्ञान केंद्रं. शिबिरं एक ते पाच दिवसांची असतात. वेंगुर्ल्याच्या केंद्रातूनच काजूच्या वेंगुर्ला ४ आणि ७ या जाती निघाल्या, तिथला माळी कलम बांधताना नुसता बघितला तरी अर्धं शिकणं होतं. ही शिबिरं शेतकऱ्यांसाठी असतात, म्हणून बागमालकाने स्वतः नाव नोंदवावं आणि गड्याला सोबत न्यायची परवानगी आधी विचारून घ्यावी. मी पाठवलेल्यांना आजवर कोणी परत पाठवलं नाही.

दुसरं, नारळावर चढणं. भंडारी आणि इतर पाडेकऱ्यांची पोरं आता चढत नाहीत. आगरातले नारळ आपोआप पडेपर्यंत वाट बघणारी घरं मला ठाऊक आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ पासून नारळमित्र घडवायचा कार्यक्रम चालवलाय. सहा दिवसांचं शिक्षण, यंत्राने माडावर कसं चढायचं ते शिकवतात, आणि यंत्र तुम्हालाच देतात. अपघात विम्याचीही सोय आहे. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे पुढच्या तुकडीची चौकशी करा. उंचीची भीती असेल तर राहू द्या. सहाव्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तिसरं, फवारणी. याला पगार वाढत नाही, आयुष्य वाढतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. आपल्याकडे पंप मारणारा गडी अजून उघड्या अंगाने उभा असतो आणि वारा तोंडावर. कृषी विज्ञान केंद्रात याचं एका दिवसाचं शिक्षण असतं. मालकांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

बोटीवर आहे. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, कसा होऊ?

मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रं किनाऱ्यावर आहेत. तिथे सागरी मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. मुदत सहा महिने, पोहता यायला हवं आणि मासेमारीचा अनुभव हवा. सहा महिने म्हणजे "थोड्या दिवसांचं" म्हणवत नाही, आणि केंद्र क्रियाशील मच्छीमाराला धरून आखलेलं आहे. मच्छीमार सोसायटीच्या शिफारशीशिवाय बाहेरच्या खलाशाचा तिथे सहज नंबर लागत नाही. बोटमालकाने सोसायटीत शब्द टाकला तर बघा.

खरं सांगायचं तर तांडेल बोटीवरच घडतो. मात्र बंदीच्या दोन महिन्यांत दोन कामं शिकण्यासारखी आहेत. एक, इंजिनाचं ओव्हरहॉल, जे त्याच काळात प्रत्येक बंदरात चाललेलं असतं. मिस्त्रीला हात लागतोच. दुसरं, फायबरचं काम. लाकडी होड्या कमी झाल्या, फायबरच्या वाढल्या, आणि तडा गेला की भरणारा माणूस शोधावा लागतो. याला कोर्स नाही, कारखान्यात राहून शिकायचं. तोंडाला मास्क बांधा, त्या रसायनाचा वास नुसता वास नसतो.

"मोठ्या जहाजावर लावतो" म्हणणारे एजंट मात्र बंदरात फिरतात. व्यापारी जहाजावर जाण्याआधीचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स सहा महिन्यांचा असतो, दहावी पास आणि इंग्रजी लागतं, आणि संस्था नौवहन महासंचालनालयाच्या यादीत असावी लागते. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो. तो क्रमांक विचारा. तो विचारल्यावर बरेच जण चहासुद्धा न पिता उठतात.

बायकांसाठी काय आहे?

काजू कारखान्यात सोलणीला बसणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलाच्या तेलाने होणाऱ्या जखमा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा प्रश्न कळतो. प्रतवारी आणि पॅकिंगचं काम सोलणीपेक्षा हाताला बरं, आणि ते शिकायला कारखान्यातच आठ-पंधरा दिवस पुरतात. मुकादमिणीला सांगून ठेवा.

पण मी अलीकडे प्रत्येकीला एक काम सुचवतो: रुग्णाची आणि म्हाताऱ्या माणसाची काळजी. कोकणातली घरं बघा. मुलं मुंबई-पुण्याला, घरात ऐंशीचे आजोबा आणि गुडघे गेलेली आजी. मुलं पैसे पाठवायला तयार, पण माणूस मिळत नाही. रुग्ण सहायक किंवा घरगुती शुश्रूषेचा कोर्स तीन-चार महिन्यांचा असतो: अंघोळ घालणं, कूस बदलणं, बीपी आणि साखर मोजणं, औषधांच्या वेळा, पडलेल्या माणसाला उचलायची रीत. कौशल्य विकास योजनेत तो मोफत असतो, मात्र प्रत्येक तालुक्यात नाही, आणि शिक्षणाची अट असते. अट बसत नसेल तर गावातल्या डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात सहा महिने कामाला राहा, हात तयार होतो. भाषा मात्र इथे लागते. आजीला "कळ कुठे येते" हे मालवणीत सांगायचं असतं, आणि ते तुम्हाला कळायला हवं.

खाणं करून विकायचं असेल, तर अन्नसुरक्षेचं फोस्टॅक प्रशिक्षण एका दिवसाचं असतं. एका दिवसात सुगरण होत नाही, पण पर्यटकांच्या हॉटेलात स्वयंपाकाला उभं राहायला तो कागद उपयोगी पडतो.

मला लिहिता-वाचता येत नाही. वय अठ्ठेचाळीस. संपलं का?

नाही. विश्वकर्मा, पूर्वकौशल्याची मान्यता, नारळ सोडून बागेतली सगळी कामं, इथे अक्षर आडवं येत नाही किंवा कमी येतं. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत विचारा. शाळा आठवीआधी सुटली असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही. माझ्या वर्गात एकदा एकेचाळीस वर्षांचा वेल्डर बसला होता. पोरं त्याला काका म्हणायची आणि गणितं त्याच्याकडूनच सोडवून घ्यायची.

वॉचमन, वायरमन, ड्रायव्हर: कोर्स केला की काम करता येतं ना?

प्रमाणपत्र आणि परवाना यांत गोंधळ करू नका. वायरिंगचा कोर्स केलात तरी स्वतःच्या नावावर वीजजोडणीचं काम घ्यायला राज्याचा परवाना लागतो. तोवर परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली. खासगी सुरक्षा एजन्सीत लागणाऱ्या रखवालदाराला २००५ च्या कायद्याखाली १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानातलं शिक्षण ठरवून दिलंय, ते किमान २० कामकाजी दिवसांत. ते देणं एजन्सीचं काम आहे. गाडीचं म्हणाल तर शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, अवजड वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना लागतो. रिक्षाच्या बॅजला रहिवासाच्या अटी आहेत, आरटीओत आधी विचारा.

फसवणूक कशी ओळखायची?

कौशल्य विकास योजनेत शिकणाऱ्याने फी द्यायची नसते. "रजिस्ट्रेशनचे फक्त दोन हजार" म्हटलं की उठा. केंद्र खरं की खोटं ते स्किल इंडिया डिजिटल हबवर शोधता येतं, पोराच्या मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका. ओटीपी सांगताना तो कशाचा आहे हे आधी वाचून घ्या.

आणखी एक प्रकार कमी बोलला जातो: केंद्र खरं, पण शिकवणं नावापुरतं. हजेरीच्या अंगठ्याला बोलवायचं आणि अकरा वाजता घरी सोडायचं. मी एकदा सहा कानडी पोरांना अशाच एका केंद्रात स्वतः घालून दिलं. तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या हातात प्रमाणपत्र होतं आणि एकालाही वेल्डिंगचा रॉड नीट धरता येत नव्हता. त्यांची मजुरी बुडाली, माझा शब्द गेला. तेव्हापासून मी आधी वर्कशॉप बघतो. यंत्रावर धूळ असेल तर आत जात नाही. तुम्हीही नाव घालण्याआधी एक दिवस जाऊन, चालू तुकडीतल्या पोरांशी बाहेर चहाच्या टपरीवर बोला.

मी मालक आहे. गड्याला शिकवलं तर तो निघून जाईल ना?

जाईल कदाचित. न शिकवलेला राहतो का? दरवर्षी ऑक्टोबरात ठेकेदाराला फोन करून नवा माणूस मागवणारे तुम्हीच. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने आपल्या नेपाळी राखणदाराला कलमं शिकवली. तो आता जूनमध्ये गावी न जाता सप्टेंबरपर्यंत थांबतो, कारण पावसातही त्याला कमाई आहे, आणि बायको-मुलांनाही आणलंय. मालकाला बारमाही माणूस मिळाला. दुसऱ्याचा शिकलेला गडी मात्र सरळ गोव्याला गेला. दोन्ही खरं आहे.

शिकायच्या दिवसांचा अर्धा पगार दिलात तर निम्मे प्रश्न मिटतात. बांधकामाचे ठेकेदार असाल तर माणसाने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला द्या. त्यावर त्याची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते. तो दाखला द्यायला तुमचा एक रुपया जात नाही आणि तरी लोक टाळतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आम्ही मूळचे इथलेच, पण तीस वर्षांनी मुंबईहून परतलो. आम्ही यात बसतो?

बसता, आणि तुमचं सोपं आहे. अधिवास आहे, घर आहे, सातबाऱ्यावर सामायिक का होईना नाव आहे. स्वरोजगार संस्थेत जा. एकच विनंती, येताना "मुंबईत असं नव्हतं" हे वाक्य मुंबईतच ठेवून या.

पहिल्या दिवशी सोबत काय नेऊ?

आधार, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल. नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. बँक पासबुक, तेही आधारला जोडलेलं. शाळेचा असेल तो दाखला, रेशनकार्डाची प्रत, ई-श्रम कार्ड असेल तर ते, चार फोटो. चुन्याने किंवा सिमेंटने बोटं झिजली असतील तर अंगठा उमटत नाही. आदल्या रात्री खोबरेल लावून झोपा, सकाळी साबणाने धुऊन कोरडी करून जा. आणि जून-जुलै असेल तर सगळे कागद दुधाच्या धुतलेल्या दोन पिशव्यांत, एकीत एक. छत्रीचा भरवसा धरू नका.